विद्यापीठाने वस्तीची पायरी चढावी

परभणी जिल्ह्यातील आमच्या वस्त्यांचे विद्यापीठाशी नाते काय, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर राखेत शोधावे लागते. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटवला गेला. नांदेड आणि परभणी या दोन जिल्ह्यांनी त्या आगीची मोठी झळ सोसली. ज्यांच्या घरातला एकही माणूस विद्यापीठाच्या फाटकातून आत गेला नव्हता, कुलगुरू म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नव्हते, अशा माणसांची घरे एका विद्यापीठाच्या नावासाठी जळाली. सोळा वर्षांच्या लढ्यानंतर 14 जानेवारी 1994 रोजी नामांतर नाही, नामविस्तार पदरात पडला. आणि त्याच वर्षी 17 सप्टेंबरला नांदेडात स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले व परभणी जिल्ह्यातील महाविद्यालये तिकडे जोडली गेली. तेव्हा हिंगोलीही परभणीतच होती. म्हणजे ज्या पाटीसाठी परभणीच्या वस्त्या जळाल्या, ती पाटी परभणीच्या वाट्याला जेमतेम आठ महिने आली! स्वामीजींविषयी आमच्या मनात आदरच आहे, निजामी राजवटीविरुद्ध त्यांनी दिलेला लढा आम्ही विसरलेलो नाही. पण हा हिशेब कोणी मांडत नाही म्हणून आम्ही मांडतो.

हा जुना हिशेब आज काढण्याचे कारण आहे. परभणीच्या वस्तीत, लेकरांसाठी आणि त्यांच्या आयाबापांसाठी एक कलाकेंद्र असावे, आणि ते उभे करण्याची व चालवण्याची जबाबदारी विद्यापीठाने उचलावी, अशी आमची मागणी आहे. ती ऐकून आमचेच काही कार्यकर्ते कपाळाला आठ्या घालतील. पोरांवर गुन्हे दाखल आहेत, नोकऱ्या नाहीत, शिष्यवृत्त्या वेळेवर मिळत नाहीत, आणि तुम्ही गाण्याबजावण्याचे काय घेऊन बसलात, असे विचारतील. त्यांचा प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याचे उत्तर आधी देतो.

10 डिसेंबर 2024 रोजी परभणीत रेल्वे स्थानकासमोर, बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद पाळला गेला, त्याला हिंसक वळण लागले आणि मग वस्त्यांवर पोलिसांची धाड पडली. घरांत घुसून लाठ्या चालवल्या, बायांना आणि अल्पवयीन मुलांनाही सोडले नाही, अशा तक्रारी सत्यशोधन समित्यांपुढे लोकांनी मांडल्या. कायद्याचे शिक्षण घेणारा, वडार समाजातील तरुण सोमनाथ सूर्यवंशी 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत गेला. शवविच्छेदनाच्या अहवालात अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचा उल्लेख आला. दुसऱ्याच दिवशी चळवळीतील ज्येष्ठ नेते विजय वाकोडे यांचे हृदयविकाराने निधन झाले. सोमनाथच्या आईने हार मानली नाही. जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला, तो थांबवण्यासाठी राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथून रिकाम्या हाताने परतले. ती लढाई न्यायालयात चालायची ती चालेल, आणि तिच्या आड कोणतेही कलाकेंद्र आम्ही येऊ देणार नाही.

पण त्या रात्री दाराआडून सगळे पाहिलेली लेकरे आज कुठे आहेत? ती शाळेत जातात, चित्रकलेच्या तासाला डोंगर, सूर्य, नदी आणि नारळाचे झाड काढतात. परभणीत डोंगर नाही, नारळ नाही. पण मास्तरांनी फळ्यावर तेच काढलेले असते! त्या लेकराने जे पाहिले ते काढायला त्याला कोणी कागद दिला का? त्याच्या आजीने 1978 मध्ये काय पाहिले हे तिला कोणी त्याच्यासमोर बसवून विचारले का? एका घरात तीन पिढ्यांचे दुःख एकाच छपराखाली राहते आणि एकमेकांशी बोलत नाही. हे बोलणे सुरू व्हायला भाषण उपयोगाचे नसते. गाणे, चित्र, नाटक लागते. जलसेकारांना हे कळले होते.

भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला तेव्हा त्यांच्याकडे ना नाट्यगृह होते, ना अनुदान. तमाशाचा साचा त्यांनी घेतला. पण गणातला गणपती काढला, गवळणीतला कृष्ण काढला, नाचणारी बाई काढली आणि तिथे बाबासाहेबांचा विचार, चवदार तळे, काळाराम मंदिर आणून बसवले. दिवसभर गिरणीत किंवा शेतात राबणारा माणूस रात्री पेट्रोमॅक्सच्या उजेडात जलसा पाहायला बसे, तो बायकापोरांसकट बसे. एका घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी, एकाच चटईवर शिकवणारी दुसरी शाळा तेव्हा आमच्याकडे नव्हती.

आता विद्यापीठाकडे वळू. नांदेडच्या विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. तिथे नाट्य शिकवले जाते, संगीत शिकवले जाते. दरवर्षी ‘ज्ञानतीर्थ’ नावाचा युवक महोत्सव भरतो, त्यात परभणीच्या महाविद्यालयांतील आमची पोरे वासुदेव होतात, गोंधळी होतात, बक्षिसे आणतात, ढाल घेऊन फोटो काढतात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 मध्ये आला, त्यात आजीवन अध्ययन व विस्तार मंडळाची तरतूद आहे. राष्ट्रीय सेवा योजना आहे, तिचे सात दिवसांचे शिबीर असते. पोरे गावात येतात, झाडलोट करतात, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम करतात आणि आठव्या दिवशी जातात. म्हणजे साधने आहेत, कायदा आहे, माणसे आहेत. मात्र हे सगळे वस्तीपर्यंत येते तेव्हा त्याचे तोंड बहुतेक वेळा घेण्याच्या बाजूला असते.

घेण्याची गोष्ट स्पष्टच सांगतो. लोकसाहित्यावर प्रबंध करायचा म्हणून कोणीतरी येते. म्हातारीला ओटीवर बसवते, टेप सुरू करते. ती जात्यावरच्या ओव्या सांगते, बाबासाहेबांवरची गाणी सांगते, कधी सांगता सांगता रडते. चहा होतो. मग प्रबंध होतो, पदवी मिळते, पगारवाढ होते, पुस्तकही निघते. म्हातारीचे नाव आलेच तर शेवटी, बारीक अक्षरांत, निवेदकांच्या यादीत. तिच्या नातवाला ते पुस्तक कधी दिसत नाही. वामनदादा कर्डक यांच्यासारखा, शाळेबाहेर घडलेला महाकवी आज पीएच.डी.चा विषय आहे, याचा आम्हाला अभिमानच आहे. पण वामनदादांची गाणी ज्यांनी तोंडपाठ ठेवून जगवली त्या गायन पार्ट्यांतल्या ढोलकीवाल्याला, पेटीवाल्याला, कोरस धरणाऱ्या बाईला विद्यापीठाने कधी तास घ्यायला बोलावले?

वेगळ्या रीतीनेही काम होऊ शकते, याचा दाखला आमच्या शेजारीच आहे. पाथरीहून गोदावरी ओलांडली की बीड जिल्ह्यातला माजलगाव तालुका लागतो. तिथल्या भीमनगरात 1996 मध्ये पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांच्या गटाने बायांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. भीमरायावरच्या, रमाईवरच्या, बुद्धावरच्या ओव्या. महाराष्ट्रातल्या शेकडो गावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी जमवल्या आणि 2017 पासून त्या सर्वांना ऐकायला, वाचायला खुल्या झाल्या. यात आम्हाला भावलेली गोष्ट अशी की, ओवीबरोबर गाणारीचे नाव आहे, गाव आहे. कित्येक ठिकाणी वर्षांनी परत जाऊन त्याच बायांना भेटून त्यांचे आयुष्यही नोंदवले गेले. अपौरुषेय वेदांचे गोडवे गाणाऱ्या या देशात एका भूमिहीन बाईच्या ओवीवर तिचे नाव लागणे ही लहान गोष्ट नाही. हे काम एखाद्या विद्यापीठाच्या मराठी विभागाने हाती घेतले नव्हते. एका स्वयंसेवी गटाने केले.

परभणीत आणखी एक विद्यापीठ आहे, आणि ते तर शहराला लागूनच आहे. 18 मे 1972 रोजी स्थापन झालेले, आज वसंतराव नाईकांचे नाव धारण करणारे मराठवाडा कृषी विद्यापीठ. त्याला 2016चा कायदा लागू नाही, त्याचा कायदा वेगळा आहे. पण शिक्षण आणि संशोधनाबरोबर विस्तार हे त्याचे घोषित कर्तव्यच आहे. ‘परभणी मोती’ ही ज्वारी त्यांनीच काढली, पुढे लोह आणि जस्त जास्त असलेली ‘परभणी शक्ती’ काढली. चांगले केले. ती ज्वारी खुरपणारे, कापणारे, मळणारे हात कोणाचे, आणि ते हात चालताना तोंडात गाणे कोणते, याची नोंद मात्र कोणत्याही वाणाच्या पत्रकात नसते. त्यांच्या परिसरात सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे, ज्याला पूर्वी गृहविज्ञान म्हणत. बालविकास हा तिथला अभ्यासाचाच विषय आहे. लहान लेकरू रंगांतून, मातीतून, तालातून कसे शिकते हे तिथल्या प्राध्यापिकांना आमच्यापेक्षा जास्त कळते. हे ज्ञान भिंतीच्या आत ठेवायचे की शहरातल्या वस्तीत न्यायचे, एवढाच प्रश्न आहे.

इथे एक धोक्याची सूचना आम्ही आताच देऊन ठेवतो, कारण पुढे भांडण नको. विद्यापीठे ‘लोककला’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे काय असते? पोतराजाचा आसूड, जोगतिणीची परडी, तराळाची आरोळी, मेलेल्या ढोराचे कातडे ताणून केलेली हलगी. आमच्या बापजाद्यांनी 1956 नंतर हे टाकून दिले. त्यांना कला नको होती म्हणून नव्हे. ती कला नव्हतीच, ते जातीने लादलेले काम होते. लग्नात, पोळ्याला, जत्रेत वाजवायचे आणि मंडपाबाहेर उकिडवे बसून उष्टे न्यायचे, हा त्या वाद्याचा करार होता. हलगी नाकारली म्हणून मार खाल्लेली गावे मराठवाड्यात आहेत. आज कोणी शहरी रसिक त्या हलगीच्या नादाने भारावून तिचे जतन करायला निघाला आणि आमच्याच पोरांच्या गळ्यात ती परत अडकवली, तर ते आम्ही चालू देणार नाही. युवक महोत्सवात पोतराज झालेल्या पोराला टाळ्या पडतात तेव्हा आमच्या छातीत काय होते, हे परीक्षकांना कळायला हवे.

मात्र याच ठिकाणी आम्हाला आमच्या मातंग बांधवांचेही ऐकावे लागेल. हलगी त्यांच्या घरात अजून आहे, तिच्यावर काहींची चूल पेटते, आणि मोर्चात सर्वांत पुढे तीच वाजते. गावकीची हलगी आणि मोर्चाची हलगी यांत फरक आहे. वाजवणारा स्वतःच्या मर्जीने वाजवतो की नाही, आणि वाजवून झाल्यावर तो मंडपात कुठे बसतो, यावरून तो फरक ठरतो. मुंबई विद्यापीठाने आपल्या लोककला अकादमीला लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांचे नाव दिले. अण्णाभाऊंनी तमाशाचे लोकनाट्य केले ते जुने जतन करण्यासाठी नव्हे. गणात देवाच्या जागी राबणारा माणूस उभा करण्यासाठी केले. नाव घेतले आहे तर ती रीतही घ्यावी.

वस्तीत जाऊन विद्यापीठाने कलाकेंद्र चालवणे हे आमच्या डोक्यातून निघालेले नवे खूळ नाही. अमेरिकेतील शिकागो शहरात, परदेशातून आलेल्या मजुरांच्या गजबजलेल्या वस्तीत, 1889 मध्ये जेन ॲडम्स आणि एलेन गेट्स स्टार या दोन बायांनी हल हाऊस उघडले. तिथे चित्रदालन झाले, संगीतशाळा झाली, नाटके झाली. शिकागो विद्यापीठाचे प्राध्यापक तिथे येऊन बसत, शिकवत आणि शिकत. त्यांतले एक जॉन ड्यूई, जे हल हाऊसच्या विश्वस्तांतही होते. हेच ड्यूई पुढे कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तिथे बाबासाहेबांचे गुरू झाले! जेन ॲडम्स यांच्या ध्यानात एक गोष्ट आली होती. शाळेत जाऊन इंग्रजी शिकलेली पोरे आपल्या अडाणी, गावंढळ आईची लाज बाळगू लागली होती. म्हणून 1900 मध्ये हल हाऊसमध्ये श्रमाचे संग्रहालय उघडले गेले. त्याच आया तिथे चरख्यावर सूत कातून दाखवत, विणून दाखवत, आणि पाहायला शिकलेसवरलेले लोक येत. आपली आई इतरांना शिकवते आहे हे पोरांनी डोळ्यांनी पाहिले.

आमच्या वस्तीत ही लाज नाही असे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे. बारावी झालेले पोर आईच्या ओवीला हसते. इंग्रजी शाळेत घातलेली नात आजीच्या बोलीची नक्कल करते आणि घरातले कौतुकाने पाहतात. शिक्षणाने आम्हाला वर आणले, यात शंका नाही. पण वर येताना जिना बाबासाहेबांनी बांधला आणि खालून आधार आईने दिला, हे विसरायला लावणारे शिक्षण अपुरेच म्हणायचे. हल हाऊस शेवटी सुखवस्तू घरांतल्या बायांनी गरिबांसाठी चालवलेले होते, दयेचा एक वास त्याला होता, आणि तो आम्हाला नको आहे. पण आईला शिक्षिकेच्या जागी बसवण्याची त्यांची युक्ती आम्ही जरूर घ्यावी.

बाबासाहेबांनी तर याच्या पुढचे पाऊल टाकले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, तेच मिलिंद. त्याच मिलिंदचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ नाटक लिहिले आणि 1955 मध्ये ते विद्यार्थ्यांनी बाबासाहेबांसमोर केले. खेड्यातून आलेली, पायात वहाण नसलेली पोरे रंगमंचावर आपल्याच समाजाचा इतिहास उभा करत होती. महाविद्यालय, नाटक आणि वस्ती यांच्यात तेव्हा भिंत नव्हती. ती भिंत नंतर बांधली गेली, आणि काही विटा आम्हीही लावल्या.

आमचे दोष झाकून दुसऱ्याकडे बोट दाखवणे या स्तंभाची रीत नाही. दलित वस्ती सुधार योजनेतून गावोगाव समाजमंदिरे झाली. त्यांतल्या कितीतरींना कुलूप आहे, काहींत कडबा आहे, काहींत पुढाऱ्याची खासगी बैठक आहे. वर्षावासात विहारात तीन महिने ग्रंथवाचन होते, तेव्हा बाया येतात, लेकरे येतात. ते संपले की विहाराच्या दाराला कडी लागते ती जयंतीपर्यंत. आणि जयंती! चौदा एप्रिलला घरोघर वर्गणी काढायची आणि ती डीजेच्या भिंतीवर उडवायची. त्या आवाजात वामनदादांचा शब्द ऐकू येत नाही, आणि गायन पार्टीवाला म्हातारा घरात कान झाकून बसतो. एका जयंतीच्या डीजेच्या पैशात दहा ढोलक्या आणि दोन पेट्या येतात, असा हिशेब जयंती मंडळांनी एकदा करून पाहावा. विद्यापीठ आले तरी त्याला बसायला जागा आम्हालाच द्यायची आहे. ते बंद समाजमंदिर उघडायचे आहे.

आता विद्यापीठाकडून नेमके काय हवे ते सांगतो. नवी इमारत नको. इमारत म्हटली की कंत्राटदार येतो, कोनशिला येते, आणि कोनशिलेवरच्या नावांसाठी पाच वर्षे जातात. जी समाजमंदिरे, विहारे उभी आहेत तिथेच कला संकुलाने आठवड्यातून ठरलेल्या दिवशी आपले शिक्षक आणि विद्यार्थी पाठवावेत, आणि विद्यार्थ्यांना त्याचे गुण द्यावेत, म्हणजे ती वरकड सेवा न राहता अभ्यासक्रमाचा भाग होईल. वेळापत्रक विद्यापीठाच्या सत्राप्रमाणे आखू नये. गंगाखेड, सोनपेठ भागातली माणसे दसरा झाला की कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, लेकरे बरोबर जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. ज्या दिवसांत वस्ती रिकामी असते त्या दिवसांत केंद्र भरवून, प्रतिसाद मिळाला नाही असा अहवाल लिहू नये.

शिकवणारे दोन्ही बाजूंचे असावेत. संकुलाचा शिक्षक स्वर आणि रंगमंच शिकवेल, आणि वस्तीतला ढोलकीवाला, ओव्या सांगणारी आजी, शाहीर आपापले शिकवतील. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला तासाला जे मानधन मिळते तेच त्यांनाही मिळावे. चहा, शाल आणि श्रीफळावर भागवू नये. जे ध्वनिमुद्रण होईल त्याची एक प्रत त्या कुटुंबाला मिळावी, गाणारीचे नाव आधी यावे, आणि तिच्या परवानगीवाचून ते कोणत्याही प्रबंधात जाऊ नये. कारभार पाहणाऱ्या समितीत निम्म्या बाया असाव्यात आणि त्या त्याच वस्तीतल्या असाव्यात. एक गोष्ट तर लेखीच हवी. केंद्रात लेकराने काय काढावे, काय गावे, यावर कोणी बंधन घालणार नाही. एखाद्या पोराने लाठीचे चित्र काढले, संविधानाची फुटलेली काच काढली, म्हणून वातावरण बिघडते असे म्हणत कोणी केंद्र बंद करू लागला, तर ते केंद्र आम्हाला शांत बसवण्यासाठीच काढले होते असे आम्ही समजू.

विद्यापीठाकडे पैसा नाही, हे उत्तर आम्हाला माहीत आहे. युवक महोत्सवाच्या मंडपाला तो असतो. आणि आम्ही मागतो आहोत तो खर्च मुख्यतः माणसांच्या वेळेचा आहे.

अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांतून दहा सदस्य निवडून येतात, त्यांत एक जागा अनुसूचित जातीसाठी राखीव असते. मते मागायला हे उमेदवार आमच्या वस्त्यांत येतात, जयभीम म्हणतात, चहा घेतात. जे निवडून गेले आहेत त्यांनी अधिसभेच्या पुढच्या बैठकीत तीन प्रश्न लेखी विचारावेत. आजीवन अध्ययन व विस्तारासाठी गेल्या पाच वर्षांत परभणी जिल्ह्यात किती खर्च झाला? त्यातला वस्त्यांत किती झाला? कला संकुलाचे विद्यार्थी परभणीच्या कोणत्या वस्तीत, किती दिवस गेले? उत्तर काहीही येवो, ते आमच्याकडे पाठवावे. आम्ही ते याच जागी, एक शब्दही न गाळता छापू.